शाळेतला चित्रकलेचा आणि गाण्याचा तास

शाळेच्या कार्यालयाबाहेर काचेच्या चौकटीत टांगलेले वेळापत्रक इतिहासाचे साधन म्हणून सहसा कोणी वाचीत नाही. वास्तविक कोणते ज्ञान समाजाला किती मोलाचे वाटते, याची इतकी प्रांजळ कबुली दुसऱ्या कोणत्याही कागदावर सापडणे कठीण आहे. गणित आणि इंग्रजी या विषयांना सकाळचे, मन ताजे असतानाचे तास मिळतात. इतिहास-भूगोल मधल्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे उरकतात. आणि चित्रकला व गायन यांच्या वाट्याला जेवणानंतरची पेंगुळलेली दुपार किंवा शनिवारचा शेवटचा तास येतो. वार्षिक परीक्षा जवळ आली, की हे दोन तास प्रथम बीजगणिताला उसने दिले जातात, आणि हे उसने परत आल्याचे सहसा ऐकिवात नाही. तरीही एक शतकाहून अधिक काळ हे विषय शाळेच्या उंबरठ्याच्या आत कसेबसे टिकून आहेत. ते तेथे आले कसे, कोणी आणले आणि कशासाठी आणले, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

पंतोजींच्या शाळेत या दोहोंपैकी एकही विषय नव्हता. धुळाक्षरे, मोडीचे वाचन, पाढे, पावकी-निमकी आणि तोंडचे हिशेब एवढाच तिचा पसारा. चित्र काढणे हे चिताऱ्याचे काम. गाणे हे गवयाचे, कीर्तनकाराचे, नाही तर कलावंतिणीचे. ज्याची त्याची विद्या ज्याच्या त्याच्या घरात बापाकडून मुलाकडे, किंवा उस्तादाच्या पायाशी बसून गुरूकडून शिष्याकडे जात असे. ती सर्वांना द्यावी, आणि तीही घड्याळाच्या तासावर द्यावी, ही कल्पनाच त्या काळाला विचित्र वाटली असती. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. दिवस मावळताना परवचा म्हणावयास बसलेली मुले एका तालात, एका चढउतारात पाढे आणि श्लोक म्हणत. त्याला गायन म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. परंतु पुढे ज्याला समूहगान हे भारदस्त नाव मिळाले, त्याची सवय मराठी मुलांच्या गळ्याला तेथेच लागली होती.

चित्रकला शाळेत आली ती कारखान्याच्या दाराने. इ. स. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जे जंगी प्रदर्शन भरले, त्यात इंग्लंडला आपल्या यंत्रांचे वैभव जगाला दाखवावयाचे होते. ते दाखविले गेलेही. पण त्याच मांडवात हिंदुस्थानच्या विणकरांचे, जडावकामाच्या कारागिरांचे काम पाहून तेथील जाणकार चकित झाले, आणि आपल्या यंत्रांतून निघणाऱ्या मालाची नक्षी किती ओबडधोबड आहे, हेही त्यांना उमगले. त्यातून १८५२ मध्ये हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली एक सरकारी खाते उभे राहिले. कारागिराच्या हाताला वळण आणि डोळ्याला माप लावावे, म्हणजे देशाचा व्यापार सुधारेल, हे त्या खात्याचे सूत्र. साउथ केन्सिंग्टनची पद्धत म्हणून ती पुढे प्रसिद्धीस आली. गंमत अशी, की ज्या देशाची नक्षी पाहून हा सारा उद्योग सुरू झाला, त्याच देशाला नक्षी शिकविण्यासाठी थोड्याच वर्षांत त्या पद्धतीचे शिक्षक आगबोटीत बसले.

मद्रासला १८५० मध्ये आणि कलकत्त्याला १८५४ मध्ये कलाशाळा निघाल्या. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे दोन शिक्षक इंग्लंडहून आले. दुसऱ्याच वर्षी शाळेचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला, आणि १८७८ मध्ये तिला स्वतःची इमारत मिळाली. या संस्थेतून मोठमोठे चित्रकार निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सामान्य मराठी मुलाच्या दृष्टीने तिने केलेले अधिक दूरगामी काम वेगळेच होते. १८९३ पासून ती चित्रकलेचे शिक्षक तयार करू लागली. ‘ड्रॉइंग मास्तर’ ही जी एक व्यक्ती महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांतील शाळांतून पुढे वावरली, तिचे माहेर हे होय.

हा ड्रॉइंग मास्तर काय शिकवीत असे? पहिल्या पायरीला छापील नमुना. सरळ रेघ, मग वक्र रेघ, मग मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी उमटणारी पानांची वा वेलबुट्टीची आकृती. अर्धी नमुना पाहून काढावयाची आणि उरलेली अर्धी आरशातल्यासारखी उलटी. नंतर घन, शंकू आणि दंडगोल यांचे लाकडी ठोकळे. त्यानंतर प्लास्टरचे साचे, आणि त्यांत ग्रीक खांबांवरचे अकँथसचे पान ठरलेले. भूमध्यसमुद्राच्या काठच्या त्या झाडाचे पान कोकणातल्या मुलाने जन्मात पाहिलेले नसे. त्याच्या खिडकीबाहेर माड डोलत असे. पण माड नमुन्याच्या पुस्तकात नव्हता, म्हणून तो चित्रकलेच्या तासाला अस्तित्वातच नव्हता. रंग अगदी शेवटी येत, आणि मनाने काही काढणे हे तर सहसा कोठेच येत नसे.

सरकारी खात्याच्या दृष्टीने या पद्धतीत एक फार मोठा गुण होता. तिचे माप घेता येत असे. रेघ सरळ आहे की नाही, दोन्ही बाजू जुळतात की नाही, हे तपासनीसाला निर्विवादपणे सांगता येते. आणि ज्याचे माप घेता येते, त्याची परीक्षा घेता येते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा त्यातून रूढ झाल्या. मुंबई इलाखा तेव्हा सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला होता. शेतकरी, सुतार, कारकून, भिक्षुक अशा सर्व थरांतील मुलांना या परीक्षांनी एक नवी वाट दाखविली. नकाशे काढणारा, बांधकाम खात्यात आराखडे उतरविणारा, शिळाप्रेससाठी दगडावर चित्र रेखाटणारा माणूस त्या काळी हवाच होता. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला, आणि देवादिकांच्या व ऐतिहासिक पुरुषांच्या रंगीत तसबिरी मराठी घरांच्या भिंतींवर चढू लागल्या. हात वळलेला मुलगा उपाशी राहत नाही, असे लोकांना वाटू लागले. त्या काळच्या ठोकळ्यांना आणि साच्यांना आज हसणे सोपे आहे. पण ज्या घरात तोवर पेन्सिल नव्हती, त्या घरात ती याच परीक्षांनी पोहोचविली, हे नाकारता येणार नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्यासारखा मोठा जलरंगचित्रकार याच काळात वर आला, आणि १९०८ मध्ये मुंबईत त्यांनी चित्रकलेचा वर्ग काढला, तोही असंख्य मुलांचा आधार झाला.

आणखी एक विसंगती येथे नोंदवावीशी वाटते. ज्या ग्रिफिथ्स साहेबांच्या शाळेत मुले प्लास्टरचे साचे घटवीत होती, त्याच साहेबांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथल्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. हे काम १८८५ पर्यंत चालले. लेण्याच्या अंधारात दिव्याच्या उजेडी त्या मुलांनी जी रेघ पाहिली, ती कोणत्याही पट्टीने न मोजता येणारी होती. तरीही अजिंठ्याची रेघ माध्यमिक शाळेच्या वहीत उतरली नाही. तिचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनला छापला गेला; वेळापत्रकावर मात्र घन आणि शंकू कायम राहिले.

गाण्याची कथा याहून अवघड. चित्रकलेला नुसती उपेक्षा सोसावी लागली. गाण्याला संशय सोसावा लागला. चांगल्या घरच्या मुलाने गाण्याच्या नादी लागणे म्हणजे वाया जाणे, आणि मुलीने गाणे म्हणजे तर बोलावयासच नको, अशी एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा समाजाची धारणा होती. देवापुढे अभंग म्हणणाऱ्या, ओव्या गात जात्यावर दळणाऱ्या समाजाची ही धारणा असावी, हे नवलच. पण ओवी आणि अभंग यांना कोणी गाणे म्हणत नव्हते. गाणे म्हणजे बैठकीतले, आणि बैठक म्हणजे दिवाणखाना, ही समजूत पक्की होती. तेव्हा गाणे शाळेत आणावयाचे, तर प्रथम ते सभ्य आहे असे सिद्ध करणे भाग होते.

या दिशेने मुंबईत १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळीने आणि पुण्यात १८७४ मध्ये गायन समाजाने पावले टाकली. पण खरा धाडसी प्रयोग झाला तो बडोद्यास. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्याकडून तेथे गायनशाळा सुरू करविली. मौलाबक्ष हे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही पद्धती जाणणारे, स्वतःची स्वरलेखनाची रीत बसविलेले गवई. त्यांनी मराठी आणि गुजराती भाषांत मुलांसाठी क्रमिक पुस्तके तयार केली. उस्तादाने आपली विद्या पुस्तकात छापावी, फळ्यावर लिहून दाखवावी आणि फी भरणाऱ्या कोणाही मुलाला द्यावी, ही त्या काळी केवढी क्रांती होती, हे घराण्यांचा इतिहास वाचला म्हणजे कळते. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातील संगीताचे शिक्षण या गायनशाळेचाच वारसा सांगते.

त्यानंतर दोन विष्णूंचे युग आले. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ते गाणे शिकले, आणि १८९६ मध्ये तेथून बाहेर पडून ते उत्तरेकडे गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एका मराठी गवयाने पंजाबात, राजाश्रयावाचून, लोकांच्या वर्गणीवर गाण्याची शाळा काढावी, ही गोष्टच अपूर्व होती. हजेरीपट, इयत्ता, परीक्षा, प्रमाणपत्र हे इंग्रजी शाळेचे सारे साहित्य त्यांनी गाण्याला लावले. शृंगाराची पदे बाजूस सारून भक्तीची पदे घातली, आणि शिकविणारे शिक्षक हवेत म्हणून उपदेशक वर्ग काढला. १९०८ मध्ये ते मुंबईस आले; तेथली मोठी इमारत पुढे कर्जापायी गमवावी लागली. पण त्यांचे शिष्य तोवर देशभर पांगले होते. विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यास आणि बी. आर. देवधर यांनी मुंबईस विद्यालये काढली. ओंकारनाथ ठाकूर यांनी पुढे बनारसच्या विद्यापीठात संगीताचे शिक्षण उभे केले.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. हे वकील, आणि त्यांची रीत वकिलाची. गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी बंदिशी गोळा केल्या, त्यांचे स्वरलेखन केले, रागांची दहा थाटांत व्यवस्था लावली, आणि हे सारे प्रचंड काम मराठीत लिहिले. १९१६ मध्ये बडोद्यास संगीत परिषद भरली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. लखनौची संस्था आज भातखंड्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून चालते. पलुस्करांना गाणे पवित्र करावयाचे होते, भातखंड्यांना ते शास्त्रशुद्ध करावयाचे होते. या दोघांचे आपसात फारसे जमले नाही, आणि त्या वादाचे अवशेष दोन स्वरलेखनपद्धतींच्या रूपाने दीर्घकाळ टिकून राहिले. शाळेतल्या गायन मास्तरांना मात्र दोघांची पुस्तके कपाटात ठेवून, मिळालेल्या चाळीस मिनिटांत काय ते बसवावे लागे.

चाळीस मिनिटे आणि चाळीस मुले. येथेच खरी अडचण होती. हिंदुस्थानी गाणे हे एकट्याचे गाणे आहे. गुरूसमोर एकच शिष्य बसावा, आणि एक पलटा शंभर वेळा घोटावा, अशी त्याची घडण. वर्गात ते सर्वांनी मिळून म्हणावयाचे, म्हणजे त्यातला आलाप आणि कल्पनेचा विस्तार गळून पडणार, आणि हाती उरणार बंदिशीचा सांगाडा. जुन्या गवयांनी या वर्गांची थट्टा केली, ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. पण त्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. ज्या मुलींना घरात गुणगुणण्याची चोरी होती, त्यांना या वर्गात आवाज सोडून गाण्याची मुभा मिळाली, आणि ती ‘शिक्षण’ या निरुपद्रवी नावाखाली मिळाली. शाळेच्या गायनवर्गाने थोर गवई किती निर्माण केले, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याने ऐकणारे कान निर्माण केले. पुढच्या काळात गावोगावच्या संगीतसभांतून सतरंजीवर जे श्रोते रात्र रात्र बसले, त्यांतील कितीतरी जणांनी सारेगम प्रथम या वर्गातच ऐकले.

एकत्र गाण्याची सर्वस्वी निराळी परंपरा मराठी मुलुखाच्या शेजारीच, गोमंतकात नांदत होती. तेथील चर्चच्या शाळांतून सोळाव्या शतकापासून मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि उपासनेचे वृंदगान शिकविले जाई. शिकविणारा तो ‘मेस्त्री’. येथे चार आवाज चार वाटांनी जात आणि एका ठिकाणी मिळत. पोर्तुगीज सत्तेने इतर बाबतींत काय केले, हा वेगळा विषय. पण या गावशाळांतून शिकलेली मुले मुंबईस आली आणि हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तेथल्या चर्चमध्ये वृंदगान बसवीत असत. या अँथनींनी १९५८ मध्ये मुंबईत हिंदी राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांची सांगड घालणारा एक वाद्यवृंद उभारला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. तरीही सांगली-साताऱ्याच्या शाळांपर्यंत ही बहुस्वरी रीत पोहोचली नाही. दोन परंपरांमध्ये एक घाट तेवढा होता, आणि तो ओलांडावा असे कोणत्याही खात्याला वाटले नाही.

देशाच्या इतर भागांत या दोन कलांना शाळेत मानाचे स्थान देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न रवींद्रनाथांनी केला. १९०१ मध्ये शांतिनिकेतनात त्यांची शाळा सुरू झाली, १९१९ मध्ये कलाभवन निघाले. तेथे चित्र आणि गाणे यांना वेळापत्रकाच्या तळाशी बसविलेले नव्हते. ऋतू बदलला की गाणे बदले, आणि सणावाराला अंगणात रांगोळी पडे. मराठी माणसांचा या शाळेशी जवळचा संबंध आला. भीमराव शास्त्री हसूरकर यांनी तेथे शास्त्रीय गायन शिकविले आणि रवींद्रनाथांची गीते नागरी लिपीत स्वरबद्ध केली. कोल्हापूरचे विनायक मासोजी तेथे शिकून तेथेच चित्रकलेचे अध्यापक झाले.

रवींद्रनाथांच्याच एका गीताची कथा शाळा-कॉलेजातील वृंदगानाशी निगडित आहे. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते आंध्रातील मदनपल्ली येथे थिऑसॉफिकल कॉलेजात मुक्कामास होते. प्राचार्य जेम्स कझिन्स यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स या आयर्लंडमध्ये संगीताची पदवी घेतलेल्या. तेथल्या मुलांच्या गाण्याच्या मेळ्यात कवींनी आपले ‘जन गण मन’ म्हणून दाखविले. मुलांनी ते उचलले. मार्गारेटबाईंनी त्याची चाल पाश्चात्य स्वरलिपीत उतरवून घेतली, आणि कवींनी तेथेच त्याचे इंग्रजी भाषांतर करून दिले. कॉलेजने ते आपले प्रार्थनागीत केले. पुढे २४ जानेवारी १९५० रोजी ते राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले, आणि देशातल्या लहानमोठ्या शाळांतून रोज म्हटले जाऊ लागले. याच मार्गारेट कझिन्स यांच्या खटपटीने जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरले आणि त्यात स्त्रीशिक्षणाची चर्चा झाली, हा दुवाही मराठी श्रोत्यांच्या लक्षात राहावा.

गांधीजींचा मार्ग वेगळा होता, पण गाणे त्यांनाही हवे होते. पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थना आणि भजने शिकवीत; आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली, आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गात चालले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने जो मूलोद्योगी शिक्षणक्रम आखला, त्यात चित्रकला आणि संगीत हे दोन्ही विषय सर्वांसाठी होते. कागदावर हा मोठा विजय होता. प्रत्यक्षात बहुसंख्य शाळांत टकळीच तेवढी फिरली, आणि सुताचे वजन करता येत असल्यामुळे तपासनीसांनीही तेच केले. अपवाद सेवाग्रामचा. कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद हे तरुण चित्रकार १९४४ मध्ये तेथे गेले आणि पुढची बरीच वर्षे खेड्यातल्या मुलांबरोबर राहिले. त्यांनी मुलांपुढे नमुना ठेवला नाही. मुलाला जे दिसते आणि जसे दिसते, ते त्याने काढावे. घरापेक्षा बैल मोठा निघाला तर तो मोठाच असू द्यावा. त्याच्या लेखी बैल मोठाच असतो. साउथ केन्सिंग्टनच्या पट्टीने हा बैल पहिल्याच परीक्षेत नापास झाला असता. वर्ध्याच्या मातीत झालेला हा प्रयोग महाराष्ट्रातील शिक्षकांनी जितका अभ्यासावयास हवा होता, तितका अभ्यासला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर आयोग पुष्कळ झाले. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये माध्यमिक शिक्षणाच्या सात शाखा सुचविल्या, त्यांत ललित कला ही एक होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कलाशिक्षणाच्या हेळसांडीची नोंद घेतली. अहवालातील परिच्छेद आणि अंदाजपत्रकातील तरतूद यांच्यामधील अंतर सर्वश्रुत आहे. ललित कलांची शाखा काढावयाची तर खोली हवी, वाद्ये हवीत, दोन शिक्षक हवेत. तितक्या पैशांत विज्ञानाची प्रयोगशाळा निघते, आणि पालकांचा आग्रह प्रयोगशाळेचा. मुख्याध्यापकांनी जी निवड केली, ती त्यांच्या जागी बसलेल्या बहुतेकांनी केली असती. पण तिचा परिणाम असा झाला, की कलेची आवड हा घरच्या ऐपतीचा प्रश्न बनला. ज्यांना शक्य होते, त्यांनी मुलांना बाहेरच्या क्लासात घातले. ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या मुलांना शाळेबाहेर दुसरा आधार नव्हता.

समूहगान मात्र या काळात वाढले, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी संगीतकारांना द्यावे लागते. मुंबईत सलिल चौधरी यांनी आणि १९५८ मध्ये कलकत्त्यास रुमा गुहा ठाकुरता यांनी तरुणांची वृंदगान पथके उभारली, मद्रासला एम. बी. श्रीनिवासन यांनी तेच केले. दिल्लीत पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढले होते. त्याच्या वृंदगानाने नाव मिळविले. आकाशवाणीवरूनही वृंदगाने प्रसारित होऊ लागली आणि खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेला ती चाल रेडिओवरून उचलता आली. मराठी मुलुखात या कामात सर्वांत अधिक जीव ओतला तो वसंत देसाई यांनी. कुडाळच्या बाजूचा हा माणूस प्रभात कंपनीत वाढला; चित्रपटांत मोठे यश मिळाल्यावरही शाळेतल्या मुलांकडून गाणी बसवून घेण्याचा त्यांचा छंद सुटला नाही. त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या आणि ‘गुड्डी’ या १९७१ च्या चित्रपटांसाठी चाल लावलेल्या प्रार्थना चित्रगृहातून थेट शाळेच्या पटांगणात गेल्या, आणि हिंदी न समजणाऱ्या प्रांतांतही मुले त्या म्हणू लागली. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी ऐक्याची गोष्ट सांगणारा जो लहानसा चित्रपट काढला, त्याचे संगीत देसाईंचे आणि त्यातले गीत मौद्गल्यांचे. पुढच्याच वर्षी देसाई अपघातात गेले. त्यांच्या चाली साध्या आहेत, असे म्हणून संगीतज्ञ बाजूला होतात. पन्नास मुलांच्या कोवळ्या गळ्यांना झेपेल, बेसूर आवाजालाही सामावून घेईल आणि तरीही रोज म्हणून शिळी होणार नाही, अशी चाल बांधणे हे ख्याल गाण्याइतकेच दुर्मिळ कसब आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे.

तरीही ही सारी गाणी राहिली प्रार्थनेच्या वेळेची. प्रार्थना झाली, शिस्त लागली, की गाणे संपले. आवाज कसा लावावा, दुसऱ्याचा स्वर ऐकत आपला कसा सांभाळावा, हे शिकविणारा तास बहुतेक शाळांत उरलाच नाही; स्नेहसंमेलन जवळ आले की आठवडाभर पेटी बाहेर निघे, एवढेच.

महाराष्ट्रात १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले आणि ग्रेड परीक्षांचा कारभार त्याच्याकडे आला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे पुढेही कायम राहिली, आणि लाखो मुले त्या परीक्षांना बसत आली आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर शालान्त परीक्षेत काही वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा बसणाऱ्यांची गर्दी आणखी वाढली. त्यांतील कितीजण रेघेसाठी येतात आणि कितीजण गुणांसाठी, हे ज्याचे त्याने ओळखावे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण सर्वांना असावे असे म्हटले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामधील भिंत नको असे म्हटले. वर्ध्याच्या समितीने १९३७ मध्ये जे लिहिले होते, त्याच्या जवळपास आपण पुन्हा आलो आहोत. मधल्या काळात शिक्षकांच्या पुष्कळ जागा रिकाम्या पडल्या, आणि ठरावाने जागा भरत नाहीत.

ग्रेड परीक्षेच्या विषयांत ठोकळे आणि भांडी समोर मांडून काढावयाचे वस्तुचित्र आहे, नक्षीचे संकल्पचित्र आहे, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. हेन्री कोल आज अवतरले, तर त्यांना त्या खोलीत फारसे परके वाटणार नाही. पण त्यांतच स्मरणचित्राचाही एक कागद आहे. त्या वेळी मुलासमोर नमुना नसतो. आठवड्याचा बाजार, लग्नाची वरात, पाणवठा, पावसातला रस्ता, असा एखादा विषय फळ्यावर लिहिला जातो, आणि मुलाने आपल्या गावचा बाजार काढावयाचा असतो. त्यात कोणाच्या कागदावर माड येतो, कोणाच्या कागदावर बाभूळ, आणि अधूनमधून एखादा बैल घराहून मोठा निघतो.